पहिल्या रांगेतला बूट

३ मार्च, सकाळी
वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, काका, शनिवारच्या कवितांसाठी एखादा सब्स्टिट्यूट असलेला बरा. अकरा वर्षं शाळेतल्या कविता म्हणतोय. पुस्तक न उघडता. सब्स्टिट्यूट कशाला?

३ मार्च, दुपारी
तो शब्द बघायला डिक्शनरी काढली. पानं जरा पुढे गेली आणि सापडला भलताच: सप्लांट. एखाद्याला हटवून त्याची जागा बळकावणे. मूळ लॅटिन, आणि त्यात पायाचा तळवा दडलेला. खालून पाय घालून माणूस आडवा करायचा, मग जागा आपली. वाचताच डोळ्यांपुढे आले निवृत्त पोस्टमास्तर. दोन महिने पहिल्या रांगेत, अगदी माझ्यासमोर. ठराव: पायांवर लक्ष ठेवणे.

७ मार्च, शनिवार
संशय खरा! मी भाव आणायला थांबलो की पोस्टमास्तरांचा उजवा बूट वाजतो. टक् टक्. ओठही हलतात. म्हणजे पाठांतर चालू आहे. चौथीत मी थांबलो की गुरुजी बाकावर अशीच पट्टी वाजवायचे. काय ते दिवस. पण ते गुरुजी होते.

९ मार्च
सूनबाईंना पुरावा सांगितला. म्हणाल्या, बाबा, ते भले गृहस्थ आहेत, मीच त्यांना समोर बसा म्हणून... पुढे बोलू दिलं नाही. घरातही फितुरी.

११ मार्च
बाईंना सुचवलं, पहिली रांग कमी ऐकू येणाऱ्यांसाठी राखा. पटलं. पोस्टमास्तर आता खांबामागे. डोकं अजून शाबूत आहे म्हणायचं.

१४ मार्च, शनिवार
चौथीतली नदीची कविता. झोपेतही येते. दुसऱ्या कडव्यानंतर भाव आणायला थांबलो. भाव आला. ओळ आली नाही. पंखा ऐकू येत होता. पहिल्या रांगेतल्या आजींनी मोठ्याने विचारलं, "संपली का?"
तेवढ्यात खांबामागून पुढची ओळ आली. हळू, माझ्याच चालीत. पुढचं सगळं मला आठवलं. टाळ्या पडल्या तेव्हा पोस्टमास्तर खाली बघत होते.

१५ मार्च, सकाळी
बाईंना फोन केला. म्हटलं, खांबामागे वारा लागतो, पोस्टमास्तरांचं वय झालं. त्यांना पूर्वीच्याच खुर्चीवर बसवा.
आणि बूट जरा कडक, वाजणाऱ्या तळव्याचे घाला म्हणावं.