जस्ती पत्र्याचा वाफा

४ मार्च
गच्चीवर कमरेएवढे उंच वाफे करायचं ठरलं. कल्पना सुनेची. "बाबा, तुमचे गुडघे वाकत नाहीत ना, मग मातीच वर आणू." खोक्यांच्या फळ्या स्वस्त, पण ओल्या मातीत दोन पावसाळ्यांत कुजतात. मी सागाचा हट्ट धरला. जुन्या कपाटाचा पडून आहे — वाळवी लागत नाही, रंग नको. मुलगा जेवताना गप्प होता. तो गप्प असला की आम्ही दोघं घाससुद्धा हळू चावतो.

११ मार्च
वाफा गेला. माती भरता भरता उशीर झाला, मुलगा कामावरून आला तेव्हा स्वयंपाक व्हायचा होता. पहार घेऊन वर आला. "सुतारकामच कर आता, घर कशाला सांभाळतेस?" फळ्या उखडल्या. मग सुनेचे केस धरून तोंड मातीत दाबलं. मी "पुरे रे" म्हणालो. एवढंच. ती संध्याकाळभर माती थुंकत होती.

१२ मार्च
सून म्हणते, "लाकूड नको. विटा घेऊ." मी तिला ऊन, पाऊस, वाळवी समजावत बसलो होतो. टिकायचं कुणापुढे, हे तिला माझ्याआधी कळलं.

२० मार्च
विटांचा वाफा उभा राहिला. सिमेंट मी कालवलं, ओळंबा तिने धरला. मुलगा वर येऊन बघून गेला. नुसता हसला.

२६ मार्च
आज मुलाने घण आणला. थोड्या घावांत भिंत बसली. सुटलेली अर्धी वीट त्याने तिच्यावर फेकली — कानामागे लागली. रक्त मानेवरून पाठीत उतरलं.
टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडलात?"
"गच्चीवर पाय घसरला."
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. विटांचा सल्ला तिचा होता. त्या फेकताही येतात हे माझ्या मनात आलं होतं, बोललो नाही.

२ एप्रिल
मी म्हटलं, सोडून दे हा नाद. तर म्हणाली, "बाबा, हेही सोडलं तर मग माझं काय उरतं?" वेल्डरकडे गेलो. जाड जस्ती पत्रा — गंजत नाही, कुजत नाही, फुटत नाही. चौकट लोखंडी अँगलची. वेल्डर म्हणाला, "आजोबा, यात हत्ती लावणार का?" सून हसली. टाक्यांना हात लावून हसली.

९ एप्रिल
पत्र्याच्या वाफ्यात टोमॅटोची रोपं धरली. मी उभ्याउभ्या पाणी घातलं. गुडघ्यांचं नाव नाही.

१४ एप्रिल

दुपारी मुलगा घण घेऊन आला. घातला. पत्र्याला पोचा पडला, फुटला नाही. आवाज सगळ्या गल्लीत गेला, शेजारच्या खिडक्या उघडल्या, लगेच बंद झाल्या. तो घालतच राहिला. दमला. पत्रा फुटेना तसा तिच्याकडे वळला. गळा धरून तिला वाफ्याच्या कडेवर मागे वाकवलं. ती पाय झाडत होती, आवाज येत नव्हता. इतके दिवस त्याचा राग आधी फळ्यांवर, विटांवर निघायचा. मी न फुटणारा वाफा आणून दिला आणि त्या दोघांमधलं फुटण्याजोगं तेवढं काढून घेतलं.
फावडं उचललं. दांड्याने त्याच्या हातावर मारलं. जीव खाऊन मारलं. हाड मोडल्याचं ऐकू आलं. तो "बाबा" म्हणून ओरडला — लहानपणी दारात बोट चिमटलं होतं, अगदी तसा. मी पुन्हा फावडं उगारलं. तो जिना उतरून दवाखान्यात गेला.
सून खाली बसून खोकत होती. तिला म्हटलं, "कपडे भर."

१५ एप्रिल
मुलगा परत आला. हात गळ्यात बांधलेला. "ती कुठंय?" म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. काल निघताना दारात ती पत्ता सांगणार होती, मीच थांबवलं. ठाऊक असतं आणि त्याने मला मारलं असतं, तरी सांगितलं नसतं. पण तो माझ्यासमोर बसून रडला असता, आत्ता रडतोय तसा — तर मी सांगून टाकलं असतं.