धुराच्या चिठ्ठीवरून केलेली वाटणी

मी, बायनाबाई गहिनीनाथ दहिफळे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार धर्मापुरी, तालुका परळी वैजनाथ, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दाबाखाली नसताना आणि कोणाला भीत नसताना हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते ठिकाणावर नाही असं उभ्या गावात एकच माणूस म्हणत आला, मोहनराव तिडके. त्यालाच मी साक्षीला बोलावलं आहे. का बोलावलं ते शेवटी सांगते.

लिहून घेणारे उत्तरेश्वर स्वामी हे आमच्या शाळेचे निवृत्त मास्तर. ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात इस्टेट लिहायची असते, भांडणं नाही." मी म्हटलं, "मास्तर, माजी निम्मी इस्टेट भांडणंच हाय. लिवा तुमी."

याच चैत्रात मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात राहतं घर आणि रस्त्याकडेची शेडाची जागा शाळेला दिली होती आणि एकुलत्या एक पोराला, धर्मराजला, काही म्हणजे काहीच ठेवलं नव्हतं. ते मृत्युपत्र आज रद्द समजावं. ते का केलं आणि का रद्द केलं हे माझ्यामागे लोक पदरचं घालून सांगतील, म्हणून मीच सांगून मोकळी होते.

कलम पहिले, जीप. भांडण तिचंच आहे म्हणून तिचं नाव आधी. ही पेट्रोलवर चालणारी जुनी जीप माझ्या मालकांनी शेतकी खात्याच्या लिलावात घेतली. ते त्याच खात्यात ड्रायव्हर होते आणि त्या गाडीवर त्यांचा जीव होता. बहात्तरच्या दुष्काळात मी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. दिवस कलला की त्याच खडीवर मालक मला गाडी शिकवायचे. सासू म्हणाली, "हात मोडून घेशील गं बाई." मी म्हटलं, "खडी फोडून मोडायलेतच की, मग गाडीनं मोडू द्या." लोक बांधावर उभे राहून हसत होते. हसले तर हसले. त्यांच्यातल्या कोणालाच गाडी येत नव्हती.

दुष्काळ सरल्यावर आम्ही बायकांनी दूध संस्था काढली आणि मला चेअरमन केलं. कॅन जीपमध्ये घालायचे, परळीला शीतकरण केंद्रात पोचवायचे, हे काम मी स्वतः केलं. दूध घेताना प्रत्येक कॅनमध्ये लॅक्टोमीटर बुडवून बघायची. ही काचेची नळी दुधात किती वर तरंगते त्यावरून पाणी घातलं की नाही ते कळतं. नळी नात्याला ओळखत नाही. पहिलं परत पाठवलेलं दूध माझ्या सख्ख्या जावेचं होतं. ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही, आणि खरं सांगते, ते वर्ष लई सुखाचं गेलं.

मग मोहनरावाचं दूध परत केलं. उन्हाळ्यात गावातल्या आडांना पाणी नव्हतं, पण ह्याच्या कॅनमध्ये होतं! एकदा परत केलं, दोनदा केलं, तिसऱ्यांदा सगळ्यांदेखत केलं. त्याने घरोघर फिरून बायकांच्या सह्या घेतल्या आणि माझ्यावर अविश्वासाचा ठराव आणला. त्याची बायको चेअरमन झाली, शिक्का ह्याच्या खिशात राहिला आणि लॅक्टोमीटर फळीवर गेला. पुढे संस्था बुडाली. जीप मालकांची होती, ती घेऊन मी घरी आले. लॅक्टोमीटरही घेऊन आले, त्याला तिथे काही काम उरलं नव्हतं.

आता चिठ्ठीचं. जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि धुराची तपासणी पास असल्याची चिठ्ठी नसेल तर आरटीओ तिच्याकडे बघतसुद्धा नाही. धर्मराजचा धंदाच तो आहे. परळीत पेट्रोलपंपाशेजारी त्याची पीयूसीची व्हॅन उभी असते. पद्धत अशी की गाडीच्या नंबराचा फोटो मोबाइलवर पाठवायचा, हा घरबसल्या चिठ्ठी काढून ठेवतो. यंत्राची नळी गाडीच्या नळकांड्याला कधी लागतच नाही. पाण्याचा टँकर असा धूर सोडत जातो की मागचा मोटारसायकलवाला उपरणं तोंडाला बांधतो. चिठ्ठीवर मात्र सगळे पास.

चैत्रात त्याने माझ्यापुढे तशीच चिठ्ठी धरली. म्हणाला, "आई, घे. झाली तुझी जीप पास."

मी विचारलं, "जीप तर शेडात हाय. नळी कुटं लावलीस?"

"लावायची कशाला? सगळेच असं करतेत."

मी चिठ्ठी त्याच्यादेखत फाडली. "मी तुज्या चुलतीचं दूध परत केलतं रे, अन् तू मला फोटोवर पास करतूस?" तोही माझंच रक्त, तडकला. "मग जाऊ दे भंगारात! खरी नळी लावली तर ती जन्मात पास व्हायची न्हाई. शेडाची जागा तरी मोकळी होईल." भंगारवाल्याशी त्याने बोलणंही करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी चैत्रातलं ते मृत्युपत्र केलं. घर त्याच्या हाती गेलं तर तेही फोटोवर चालेल, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

पण कागद करून गप्प बसणारी मी नव्हे. सोमवारी परळीचा बाजार. मी पहाटेच जीप काढली. गाडीचे कागद संपलेले होते, पोलिसाने धरलं तर धरू दे म्हटलं, आणि सरळ धर्मराजच्या व्हॅनपुढे टँकरांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. मोहनरावही तिथेच होता, ट्रॅक्टरची चिठ्ठी न्यायला आलेला. ट्रॅक्टर अर्थातच घरी. मी धर्मराजला म्हटलं, "लाव नळी. सगळ्यांच्या समोर लाव."

त्याने लावली. काय करतो! माणसं जमली होती. जीप धुगधुगत होती, काळा धूर निघत होता आणि यंत्राच्या काचेवर आकडा वर वर चढत होता. मोहनराव खाकरून म्हणाला, "धर्मा, माय हाय तुजी. दे की पास करून. कोण बगायलंय?"

मी मुद्दाम धर्मराजकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो माझ्या धाकाने बोलला असं झालं असतं. मी समोरच्या टँकरच्या चाकाकडे बघत उभी राहिले आणि परळीच्या वैजनाथाला म्हटलं, देवा, जीप गेली तरी चालेल, एवढं पोरगं वाचव.

धर्मराज म्हणाला, "आई, नापास हाय. लई कार्बन हाय."

माणसं हसली. मी पदर डोळ्यांना लावला. लोकांना वाटलं म्हातारी जीपसाठी रडायली. पालथ्या घड्यांनो, तसा आनंद मला चेअरमन झाले तेव्हासुद्धा झाला नव्हता! आणि तो तेवढ्यावर थांबला नाही. मागच्या टँकरवाल्याला म्हणाला, "तू बी लाव बे नळी. आजपासून फोटो बंद." निम्मी रांग तिथल्या तिथे वळून दुसऱ्या व्हॅनकडे गेली. मोहनरावही गेला. तेव्हापासून धर्मराजचा धंदा बसला आहे, आणि तरी त्याने फोटो घेतलेला नाही.

म्हणून कलम दुसरे असे की, राहतं घर आणि शेडाची जागा धर्मराज आणि माझी सून पारूबाई या दोघांच्या नावे करावी. एकट्याच्या नावे नाही. माणूस सुधारला तरी त्याच्याजवळ एक पहारेकरी असावा. परसातल्या आडाला पुढेमागे पाणी आलं तर ते टँकरवाल्याला विकू नये, शेजारपाजारच्या जनावरांना पाजावं. बँकेत जे काही असेल ते पारूचं, तिने ते कशासाठी खर्च केलं हे धर्मराजने विचारू नये. लॅक्टोमीटर धर्मराजला. त्याने तो व्हॅनमध्ये यंत्राच्या वर टांगावा.

जीपसुद्धा पारूलाच. धर्मराजला गाड्या तपासता येतात, पण चढावर जीपचा गिअर बदलायला पारूच पाहिजे, तिला मी शिकवलं आहे. शिवाय जीपचं दुखणं तिनेच शोधलं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून मला हाक मारली, "आत्याबाई, ही चिंध्यांची मोळी कशाची बांधलीय?"

ती मोळी माझी. दुधाच्या दिवसांत रस्त्यावर इतका फुफाटा असायचा की इंजिन जिथून हवा ओढतं त्या डब्याच्या तोंडावर मी दूध गाळायचं धुतलेलं फडकं बांधायची. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की नवं फडकं, त्याला हळदकुंकू. जुनं फडकं पुजलेलं, ते टाकायचं कसं? म्हणून नवं त्याच्यावरच बांधायची. असं दरसाल एकावर एक चढत गेलं. धर्मराज बघून म्हणाला, "आई, गाडीचा श्वासच कोंडलाय की. हवा न्हाई तर पेट्रोल जळंल कसं? धूरच निघंल." बरं बाबा, असेल तसं. तरी मी लिहून ठेवते की इतक्या वर्षांच्या धुळीत इंजिन शाबूत राहिलं ते त्या फडक्यांमुळेच, आणि हे मी मेले तरी मागे घेणार नाही. ती फडकी सोडून घरात ठेवली आहेत. नदीला पाणी नाही तेव्हा तिथे सोडण्याचा प्रश्न नाही. माझ्या सरणावर ठेवावीत.

आता साक्षीदाराचं. मोहनरावाला मी काहीही दिलेलं नाही, देणारही नाही. ज्याला काही मिळायचं नाही त्याचीच साक्ष पक्की, असं मास्तर म्हणाले. शिवाय बायनाबाईने मोहनरावाला फितवून सही घेतली, असं म्हणणारा माणूस बीड जिल्ह्यात सापडणार नाही. मी निरोप धाडला तेव्हा वाटलं येणार नाही. आला. आत्ता समोर बसून माझा चहा पितो आहे आणि दुधाचा मजकूर ऐकून त्याचे कान लाल झाले आहेत.

शेवटचे कलम. परवा सोमवारी जीपची पुन्हा तपासणी आहे. ती पास झाली काय, नापास झाली काय, वरच्या वाटणीत फरक पडणार नाही. फक्त माझ्या शेवटच्या प्रवासात पडेल. जीप त्या वेळी खरोखर पास असेल तर मला जीपमधून न्यावं, पारूने चालवावी, आणि ज्या रस्त्याची खडी मी फोडली त्याच रस्त्याने न्यावं. नापास असेल तर चार जणांच्या खांद्यावर न्यावं, मी काही जड नाही. पण तपासणी धर्मराजने स्वतःच्या हाताने, नळी लावून करावी. आई गेल्याच्या दुःखात हात ढिला पडू देऊ नये. खोट्या चिठ्ठीवर मला घराबाहेर काढाल तर तिरडीवरून उठून घरी येईन, हे नक्की समजा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी तो ऐकला आणि त्यातला एक शब्दही बदलायचा नाही असं मास्तरांना बजावून सही केली.

सही: बायनाबाई गहिनीनाथ दहिफळे
ठिकाण: धर्मापुरी
दिनांक: २८ मे २०१६

साक्षीदार व लेखनिक: उत्तरेश्वर स्वामी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. भांडणे त्यांच्या आग्रहावरून लिहिली आहेत.

साक्षीदार: मोहनराव तिडके. बाईंनी माझ्यासमोर सही केली. दुधाबाबतचा मजकूर मला मान्य नाही. गाडी नापास निघाल्यास चारातला एक खांदा माझा धरावा.