अम्मा, तुमची दोन नखं

प्रिय अम्मा,

आज फ्रान्सिस सरांनी नेहमीसारख्या दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एक माझी, एक तुमची. तुम्ही गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं! मी गेले होते ते गिटारची शिकवणी बंद करते एवढं सांगायला, आणि ते जिन्याकडे बघत विचारतात, "तालवाल्या मॅडम कुठे राहिल्या?"

तिथे जेवढ्यास तेवढंच सांगितलं. म्हणून घरी येऊन हे लिहितेय. दोन महिने झाले तुम्हाला जाऊन. तुम्ही काही हे वाचणार नाही, ठाऊक आहे. पण तुम्ही होता तेव्हा तरी मी मनातलं सगळं कुठे बोलत होते?

बेळगावहून लग्न होऊन मी मद्रासला आले, तेव्हा इथल्या ट्राम नुकत्या बंद झाल्या होत्या. मला तर हा परदेशच वाटला. भाषा कळेना, आमटीत चिंच सोसेना. घरात मराठी, पण तीही तुमची तंजावरची, पोथीतून उठून आल्यासारखी. माझ्या ट्रंकेबरोबर गिटार होती. आमच्या शेजारच्या गोवेकर काकांनी शिकवलेली, स्पॅनिश धाटणीची, नखांनी तारा छेडायची. फ्लामेंको म्हणतात त्याला. हे, म्हणजे तुमचे चिरंजीव, पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथे कोण शिकवणार तुला हे?" आणि विषय संपला.

आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही माझा उजवा हात धरलात. आठवतं?

"अय्यो, हीं नखें! ह्या हातानें पीठ मळणार काय तूं? काप अगोदर."

मी कापली. तीन वर्षं वाढवून, घासून नीट केलेली नखं. नव्या सुनेने पहिल्याच आठवड्यात वाद कसा घालायचा? गिटार पलंगाखाली गेली आणि मी मनातल्या मनात तुमच्यावर अबोला धरला. तो तुम्हाला कळला नाही, कारण तुम्ही बोलत होता आणि मी "हो अम्मा" म्हणत होते.

चार महिन्यांनी एका दुपारी तुम्ही झोपलात असं समजून मी ती बाहेर काढली. बोटांच्या पेरांनी वाजवत बसले. आवाज कसला, नुसती भदभद. मान वर केली तर तुम्ही दारात!

"नखांविना वाजवतेस?"

"तुम्हीच कापायला लावलीत," मी म्हटलं. लग्नानंतर तुम्हाला दिलेलं पहिलं उलट उत्तर.

तुम्ही रागावला नाहीत. खाली बसलात आणि आपला उजवा हात माझ्यापुढे धरलात. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींची नखं वाढलेली, नीट गोल घासलेली. बाकीची तीन कापलेली. चार महिने त्या हाताने मला वाढलं होतं आणि मी आंधळीने पाहिलंच नव्हतं! कोपऱ्यात कापडाखाली वीणा होती, तीही रोज पाहत होते. मामंजी गेल्यावर वडीलधाऱ्यांनी ती बंद करायला लावली म्हणे. वीणा बंद केलीत, पण नखं ठेवलीत.

"पोरी, मला मेल्याहून मेल्यासारखें वाटतें आतां," तुम्ही म्हणालात. "मज सांगायचें नाहीं काय तूं? तोंड नव्हतें तुज?"

मग सुरू झाला तुमचा शोध. तुम्ही वाद्यांच्या दुकानात गेला नाहीत. गेलात आपल्या शिंप्याकडे. तो पेरांबूरच्या रेल्वे कॉलनीत ख्रिस्ती लग्नांचे कोट शिवायचा. "लग्नांत तारांचें वाद्य वाजवणारा म्हातारा कोण आहे?" असं तुम्ही त्याला तमिळमध्ये विचारलंत. कोट शिवणाऱ्याला बँडवाले माहीत असणारच, हे तुमचं गणित! दोन आठवड्यांत पत्ता हातात. जहाजावरच्या बँडमध्ये वाजवणारे, स्पेनच्या बंदरात चार वर्षं राहून शिकलेले फ्रान्सिस सर.

सुनेला एकटीला कसं पाठवायचं म्हणून तुम्ही नऊवारीत, डब्यात मुरुक्कू, म्हणजे इथल्या चकल्या, घेऊन, दर शनिवारी माझ्याबरोबर बसने निघालात. शेजारच्या मामी तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत.

आणि तो बारा मात्रांचा ताल! ठोके कधी तीनवर, कधी दोनवर. माझी तीन शनिवार दमछाक. सर हातावर हात आपटून थकले. चौथ्या शनिवारी खुर्चीतून तुमचा आवाज आला, "तकिट तकिट तक तक तक. तीन, तीन, दोन, दोन, दोन. इतकेंच ना?" सर उठून उभेच राहिले. त्या दिवसापासून तुमची खुर्ची पक्की झाली. सात वर्षं तुम्ही मांडीवर ताल धरलात आणि मी वाजवलं.

पण अम्मा, सात वर्षांत मी एकदाही तुम्हाला म्हटलं नाही, "वीणा काढा, मला ऐकवा." तुम्ही माझ्यासाठी सगळं मद्रास पालथं घातलंत आणि मला कोपऱ्यातलं कापड उचलवलं नाही. हे मला खातं. तुम्ही वाट पाहत होता का हो? की नाही म्हणाला असता? मी कधी विचारलंच नाही, तेव्हा आता कळायचं नाही.

तेराव्यानंतर मी माझी नखं कापून टाकली, आणि पुन्हा वाढू दिली नाहीत. बरोबर येणारं कुणी नाही, ताल धरणारं कुणी नाही, मग कशाला? असंच आज सरांना सांगितलं. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "नखं महिन्याभरात येतील." तुमची खुर्ची मात्र त्यांनी उचलली नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. शेवटची आंघोळ घालताना मामी म्हणाल्या, "दोनच नखं राहिलेली दिसतात, कापू का?" "नाही कापायची!" म्हणत मी त्यांचा हात धरला. या घरात मी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलले असेन. ती दोन्ही नखं घेऊनच तुम्ही गेलात.

आता माझा शब्द घ्या. महिन्याने, नखं आली की, मी एकटी पेरांबूरची बस धरेन. आणि परवा वीणेचं कापड काढून तारा बदलायला देणार आहे. वाजवता मला येत नाही. पण आता शिक्षक कसा शोधायचा, ते मला माहीत आहे.

तुमची सून,
कमल