खिळ्याला टांगलेला कप

बा, आज माझ्या कोपराची गाठ फुटली आणि आतून चुना निघाला. तुझ्यासारखाच, पानाला लावतात तसा पांढरा, ओला. माझ्या किडन्या कधीच्याच गेल्या. आता इथे अकोल्यात दिवसाआड माझं रक्त मशीनवर धुतात. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, हे कॅल्शियम आहे. किडनी गेली की असं कुठंही साचतं. कुणाला याची लागण होत नाही." मी पुन्हा विचारलं, अजिबात नाही? मग तुझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांचंही हेच असणार. तुमचा आजार घराण्यातूनच आलेला आहे."

अमरावतीला तू कापसाच्या जिनात कामाला होतास. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलास आणि त्याच आठवड्यात मला घेऊन जिनासमोरच्या हॉटेलात गेलास. आपल्या लोकांचे कप तिथे बाहेरच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. आपणच विसळायचे, आपणच टांगायचे. तू तिकडे बघितलंही नाहीस. आत बाकावर बसलास. "आतला कप दे. नाहीतर राहू दे, चहा घरी बी भेटते." शेवटी मालकानं दिला. तू तो चहा इतका सावकाश प्यायलास की मी कंटाळले होते.

पुढे काही वर्षांनी तुझा चेहरा सुजायला लागला. अंगाला खाज, कोपरावर आणि बोटांच्या सांध्यांवर गाठी. एक फुटली, चुना आला. वस्तीत कुणीतरी महारोग म्हटलं आणि झालं, संपलं सगळं. मुकादमानं कामावर येऊ नको म्हटलं. काका दारातूनच बोलून जायचा. आणि मायनं दाराबाहेरच्या भिंतीत खिळा ठोकून तुझा कप त्याला टांगला.

तू त्या खिळ्याकडे पाहून राहिला आहेस. "मले बी आता वेगळा कप काहून वं?"

"लेकरं हायेत घरात," माय म्हणते. रडते आहे, पण खिळा काढत नाही. मला तिचा राग येतो, अजूनही येतो. तिच्या जागी मी काय केलं असतं, तेही मला माहीत आहे.

तू चहा सोडलास. त्या कपाला हात लावला नाहीस. पाणी ओंजळीनं प्यायचास, माय वरून धार धरायची. तसं पाणी पिणं तुला लहानपणापासून ठाऊक होतं. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलास, आणि मायनं तो कप फोडून टाकला.

सुनेनं आत्ताच चहा आणून दिला, घरातले सगळे पितात त्याच कपात. हे पत्र तिला दाखवणार नाही, आणि टाकणार तरी कुठं? गाठ दुखते, जीव नकोसा होतो. पण चुना दिसला तेव्हा मला आनंद झाला, बा. तोवर, खरं सांगते, मलाही तुझा तो महारोगच वाटत होता.