पाठकोऱ्या प्रती

१० फेब्रुवारी २००४, आखन (जर्मनी)
आजही नाही! मालिनीकाकू अकराव्या खोक्यावर हात ठेवून बसल्या. दहा खोकी आर्काइव्हला गेली, हे जात नाही. माझा अख्खा प्रबंध त्यांच्या यजमानांच्या, दिनकररावांच्या, या कागदांवर उभा. ब्रसेल्सच्या समितीतले त्यांचे जुने सहकारी सांगतात — साऱ्या युरोपला एकच चलन, याला त्यांनी कधीच विरोध केला नव्हता. काकू म्हणतात, केला होता. "ते गेले, आता कोण बोलणार? तू छापून आण."

१७ फेब्रुवारी
खोकं उघडलं. एकाच परिपत्रकाच्या ढीगभर प्रती!
"बैठकीत उरलेल्या. पाठकोरा कागद टाकवत नसे यांना."
"काकू, जर्मनीत कागदाचा दुष्काळ आहे का?"
"हस तू. पाटी फोडली म्हणून मार खाल्लेला माणूस तो."

१९ फेब्रुवारी
अकरावं खोकं पोचवलं. आर्काइव्हचे क्रेमरसाहेब म्हणाले, जादा प्रती ठेवत नाही, एक पुरे. "गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणाले. बाकीच्या टाकून द्यायच्या कागदावर सही केली. सुटले.

४ मार्च
दहाही खोकी वाचून झाली. काही नाही. अहवाल, भाषणं, आभाराची पत्रं. विरोध नाही. कच्चा मसुदा तर एकही नाही! असा कसा माणूस — सगळं पहिल्या फटक्यात पक्कं लिहिणारा? काकूंच्या शब्दावर वर्ष घालवलं. बसही चुकली.

५ मार्च
काकूंकडे जेवायला. रागात होते, तरी आमटी दोनदा घेतली. गरम पातेल्याखाली कागद. ओढून काढला — तेच परिपत्रक. उलटलं. मागे दिनकररावांचं अक्षर, खाडाखोड, मराठीत: 'चलन एक आणि मजुरी देशोदेशी वेगळी, हे मला मान्य नाही. कारण पहिलं —' पुढे हळदीचा डाग. पान संपलं. ना तारीख, ना सही.
"काकू, हे काय?"
"त्यातलंच एक. कच्चं सगळं पाठकोऱ्यावरच लिहायचे."
"मग मला सांगितलं का नाहीत?"
"सांगितलं की! तू हसलीस."
पुढची पानं अकराव्या खोक्यात.

८ मार्च
दार उघडायच्या आधीच आर्काइव्हसमोर उभी. क्रेमरसाहेब शांतपणे: "त्या प्रती? आल्टपपिअर. रद्दीची गाडी येऊन गेली." त्यांनी माझी सही दाखवली. मी एकाही प्रतीची मागची बाजू पाहिली नव्हती. त्यांनीही नाही.

९ मार्च
काकूंचा फोन. "सापडला का गं यांचा विरोध?"
मी हो म्हणाले.