फानेच्या हातची चटई

आई, तुझ्या दोन्ही गालांचे मुके.

ऑकलंडला थंडी पडली आहे, पण वॉर्डात ऊब असते आणि जेवण वेळेवर मिळतं. काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

माझ्या फानेच्या नावानं पाठवलेली चटई पोचली. तुझी वीण मी ओळखणार नाही का गं? फोनवर माझी लेक रडत होती. म्हणाली, "मी शाळेत गेले की आजी माझं उसवून स्वतः विणते, आणि चर्चमध्ये सांगते, आमच्या फानेच्या हातात जादू आहे. आता मी केवड्याच्या पातीला हातच लावत नाही. लावला तर सगळ्यांना कळेल ना!"

मला तू कधी शाबासकी दिली नाहीस, आणि हिला न केलेल्या कामाची देतेस!

डॉक्टर आता नवीन औषध सांगत नाहीत. मला टोंगाला आणाल, तेव्हा मातीत ठेवण्याआधी गुंडाळायला चटई लागेलच. तुझी परत पाठवतेय. मला फानेनं विणलेली हवी. वाकडी झाली तर होऊ दे, तू हात लावू नकोस.

फक्त तिला लवकर विणायला बसव.

तुझी,
लोसेली