चिंचेखालचं राज्य

रविवार, पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेचा दुसरा दिवस

नाटकात मी सरदार, अन् गवळणीच्या वेशात लपलेली राजकन्या म्हणजे माझी बायको उषा. मी विचारलं, "तुझं राज्य कुठंय?" ठरलेलं उत्तर होतं, "डोंगरापल्याड." ती म्हणाली, "विहिरीपल्याड, चिंचेखाली." पहिल्याच रांगेत तिचा भाऊ संतोष बसल्ता. माहेरच्या जमिनीतला चिंचेखालचा तो तुकडा तिनं लग्नानंतर एका साडीवर हक्कसोड करून त्याला दिल्ता. मी पुढचं वाक्यच विसरलो. रागवावं का हसावं?

नाटक संपल्यावर तो पडद्यामागं आला. "ताई, यंदाच्या चिंचा तुझ्या."

उषानं डोक्यावरची कळशी उतरवली. "चिंचा न्हाई, संतोष. झाड पायजे, खालच्या जमिनीसकट."

तो म्हणला, "बराबर हाये."

मला अजून बरं वाटून राह्यलं. सरदाराची तलवार मात्र म्यानातच राह्यली.